घरातलं वायफाय – लेखांक ६ : चित्र थिजलं की आधी मान वळवून बघा

मागच्या लेखात राउटर घरात कुठे ठेवावा ते पाहिलं. त्या सगळ्याची खरी परीक्षा घेणारं यंत्र म्हणजे व्हीआर हेडसेट. मोबाईलवर सिनेमा छान चालतो, स्पीड टेस्टचा आकडा झकास येतो आणि हेडसेट डोक्यावर चढवून गेम सुरू केला की दोन मिनिटांत चित्र थिजतं. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो आणि तो मोठा प्लॅन घ्या म्हणतो. पैसे जातात, त्रास तसाच राहतो. म्हणून आज जरा सविस्तर.

सिनेमा चालतो तेव्हा पुढच्या काही सेकंदांचं चित्र मोबाईलने आधीच आणून ठेवलेलं असतं. मधे वायफाय अडखळलं तरी आपल्याला कळत नाही. हेडसेटला ही सोय नाही, कारण पुढचं चित्र कोणतं हे तुमची मान कुठे वळते यावर ठरतं. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची, म्हणजे एका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. मान हलल्यापासून दृश्य बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, की अनेकांना मळमळायला लागतं. मोबाईलवर सेकंदाच्या दहाव्या भागाचा खोळंबा जाणवतही नाही. इथे तेवढ्यात नऊ चित्रं गळून पडतात.

चित्र थिजलं की पहिलं काम एकच: पाऊल न उचलता मान हळूच डावी-उजवीकडे वळवा. थिजलेलं चित्र समोर टांगलेल्या पडद्यासारखं एका बाजूला सरकलं आणि कडेला काळी पट्टी दिसली, तर हेडसेट शुद्धीवर आहे. मान कुठे वळली हे तो स्वतः मोजतो आहे आणि शेवटचं हाती आलेलं चित्र त्यानुसार फिरवतो आहे. नवं चित्र मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोष एकतर वायफायचा, नाहीतर चित्र पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचा. पण मान वळवली तरी चित्र डोळ्यांना चिकटल्यासारखं जागच्या जागी राहिलं, तर हेडसेटच अडकला आहे. पॉवरचं बटण दाबून धरा, तो बंद करून पुन्हा सुरू करा. अशा वेळी राउटरला हात लावायचं कारण नाही.

वायफाय की कॉम्प्युटर, हे ठरवायला यूएसबीची चांगली केबल लावून तोच गेम खेळून बघा. केबलवरही थिजत असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे वळा. केबलवर सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल, तर गुन्हेगार घरातल्या हवेतच आहे.

घरातल्या हवेत, असं मुद्दाम म्हणतो आहे. कॉम्प्युटरवरचा गेम एअर लिंक किंवा तशा दुसऱ्या ॲपमधून हेडसेटवर येतो, तेव्हा चित्र कॉम्प्युटरपासून राउटरकडे आणि राउटरपासून हेडसेटकडे जातं. ते घराबाहेर पडतच नाही. तिथे १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला तरी काडीचाही फरक पडणार नाही. प्लॅनचा संबंध येतो तो ऑनलाईन खेळताना किंवा ३६० अंशांचे व्हिडिओ बघताना.

आता नागपुरात हुडकेश्वरच्या एखाद्या लेआउटमधलं नेहमीचं घर घ्या. तळमजला आणि वर एक मजला. फायबरचा डबा खाली हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे. मुलाची खोली वर, कॉम्प्युटर तिथेच आणि तोही वायफायवर. मधे लोखंडी सळ्यांचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्या स्लॅबमधून वर पोचेपर्यंत दमतात. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असलं, की हेडसेट गुपचूप २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यांवर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळ्यांची दाटी. शिवाय कॉम्प्युटर वायफायवर असल्याने प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं, एकदा खाली राउटरकडे आणि एकदा परत वर.

माझ्या मते इथे खर्च करावा तो एका लॅन वायरवर. खालच्या डब्यापासून जिन्याच्या कडेने वायर वर न्यायची, तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावायचा आणि कॉम्प्युटर त्याला वायरनेच जोडायचा. हवेतून जाणारा टप्पा एकच उरतो, तोही त्याच खोलीतला. प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेऊ नका. तोच माल तो हवेतून पुन्हा पाठवतो, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

वरच्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि हेडसेटला त्याच नावावर जोडा. चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी जिथे शेजारी कमी आहेत तो गट निवडा. फोनवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये ते दिसतं. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल भारतात २०१८ मध्ये परवानामुक्त झालेल्या पट्ट्यांत येतात, पण तिथे रडारला पहिला मान आहे. रडारचा संकेत ऐकू आला की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. वायफाय मिनिटभर पूर्ण गायब होऊन आपोआप परत येत असेल, तर आधी हा संशय घ्या.

थिजण्याची लयही पुष्कळ सांगते. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा झटका बसत असेल तर बहुधा कॉम्प्युटरचं वायफाय अधूनमधून आसपासची नेटवर्क शोधतं आहे. वायर लावली की ते थांबतं. रात्री सगळे घरी आल्यावरच त्रास होत असेल तर चॅनेलवरची गर्दी. नक्की बघायचं तर कॉम्प्युटरवरून हेडसेटच्या आयपी पत्त्याला सतत पिंग करत ठेवा आणि खेळा. सरासरीकडे लक्ष देऊ नका. पाच-दहा मिलिसेकंदांच्या रांगेत मधेच दीडशे-दोनशेची उडी येते का आणि नेमकी तेव्हाच चित्र थिजतं का, एवढं पाहा. तसं होत असेल तर तात्पुरता उपाय म्हणून बिटरेट २०० वरून ८०-१०० एमबीपीएसवर आणा. चित्र किंचित मऊ दिसेल, पण थांबणार नाही.

नागपूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. उन्हाळ्यात कूलर लागला की राउटर आणि खेळायची जागा यांच्यामध्ये पत्र्याचं धूड आणि पाण्याची टाकी आली नाही ना, हे बघा. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. मार्चपर्यंत नीट चाललेला हेडसेट एप्रिलमध्ये अडखळायला लागला, तर हे कारण असू शकतं. दुसरी गोष्ट उष्णतेची. असे हेडसेट साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. तापलेला हेडसेट स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी खेळूच नये. सकाळी खेळा, आणि हेडसेट खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नका. भिंगातून शिरलेलं ऊन आतला पडदा जाळतं.

१९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला, तेव्हा तो छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेला होता. २०१६ चे रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट जाड केबलने कॉम्प्युटरला बांधलेले होते. एअर लिंक आलं २०२१ मध्ये. वायरीतून सुटका अशी अलीकडची आहे, आणि घराघरांतलं वायफाय बसवलं गेलं ते मोबाईलवर व्हिडिओ बघण्याच्या हिशेबाने.

घरात मुलं खेळत असतील तर त्यांना एक सवय आवर्जून लावा: चित्र थिजलं की चालायचं नाही, डोळे मिटायचे आणि हेडसेट काढायचा. थिजलेल्या चित्राच्या नादात तोल जाऊन टेबलावर आपटायला वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात दोन मजली घरात लॅन वायर कशी न्यायची ते पाहू. तोवर नवा राउटर किंवा मोठा प्लॅन घेऊ नका. मान वळवून बघा आणि केबल लावून बघा.