काम मागणाऱ्यास काम आणि अपंगास आधार

चिरनेर गांवाचें नांव निघालें कीं ता. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह प्रथम आठवतो. त्या वेळीं पनवेल तालुक्यांत व कुलाबा जिल्ह्यांत मोडणारें हें गांव हल्लीं रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत आहे. आक्कादेवीच्या माळावर त्या दिवशीं झालेल्या गोळीबारांत आठ सत्याग्रही पडले. त्यांत शेतकरी होते, तसा नाग्या कातकरीहि होता. जमीनवाला व बिनजमीनवाला यांचें रक्त जेथें एकत्र सांडलें, तेथील शेतकऱ्यांपुढें बिनजमीनवाल्याच्या पोटाचा प्रश्न मांडतांना लांब प्रस्तावनेची जरूर नाहीं.

आपल्या भागांत भात हेंच मुख्य पीक. लावणीच्या व कापणीच्या दिवसांत मजूर शोधून सांपडत नाहीं, आणि झोडणी संपली कीं त्याच मजुरास हाताला काम मिळत नाहीं. मग कातकरी कुटुंब उचल घेतें आणि बायकामुलांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर निघून जातें. मुलांची शाळा सुटते. पावसाच्या तोंडावर माणसें परत येतात तीं पुष्कळदां उचलीची बाकी डोक्यावर घेऊनच. सन १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली खरी, परंतु उपाशी माणसास उचल घेण्यापासून नुसता कायदा परावृत्त करीत नाहीं. गांवांत काम असेल तरच तो थांबतो. म्हणून सरकारी रोजगाराची व्यवस्था काय आहे हें जमीनधारकानेंहि नीट जाणलें पाहिजे.

दुष्काळांत कामें काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सन १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारनें दुष्काळाचे नियम बांधले. त्यांत दोन वर्ग होते : धडधाकट माणसास खडी फोडण्याचें किंवा मातीचें काम द्यावें, व अशक्त, आंधळा, पंगु यास घरीं शिधा द्यावा. ही विभागणी शहाणपणाची होती. परंतु दोन्ही गोष्टी सरकारच्या मर्जीच्या, व दुष्काळ जाहीर झाला तरच होणाऱ्या होत्या. काम मागण्याचा हक्क कोणासहि नव्हता.

तो हक्क देण्याची कल्पना महाराष्ट्रांत श्री. वि. स. पागे यांनीं मांडली. ते त्या वेळीं राज्याच्या विधान परिषदेचे सभापति होते. सन १९६५ मध्यें सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत विसापूर येथें तिचा प्रयोग झाला. पुढें १९७२ चा मोठा दुष्काळ आला. सन १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. रोजगार हमी योजना राज्यभर पसरली ती याच काळांत. सन १९७७ मध्यें तिचा कायदा मंजूर झाला व ता. २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. खर्चासाठीं शहरांतील नोकरदार व व्यापारी यांजवर व्यवसाय कर बसला, आणि जमीन महसुलावर अधिभार व बागायत जमिनीवर खास करहि बसला. म्हणजे या योजनेंत शेतकऱ्याचा पैसा पहिल्यापासून आहे. ती परक्याची भीक नव्हे. याच योजनेच्या जोरावर सन १९९० पासून फळबाग लागवड सुरू झाली, आणि कोंकणांतील कित्येक उजाड वरकस जमिनींवर आंबा व काजू उभा राहिला.

सन २००५ मध्यें हेंच तत्त्व साऱ्या देशासाठीं स्वीकारलें गेलें. त्या कायद्यानें ग्रामीण कुटुंबास वर्षांत १०० दिवसांच्या अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली; मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता ठरविला; आणि लहान शेतकऱ्याच्या व अपंग कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या जमिनींत विहीर, बांधबंदिस्ती, फळबाग, गोठा अशीं कामें करण्यास मुभा दिली. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला आहे. त्यांत दिवस १२५ केले आहेत, खर्चाचा बहुतेक राज्यांत ४० टक्के भार राज्यावर टाकला आहे, आणि पेरणी व कापणीच्या मोसमांत मिळून ६० दिवस कामें बंद ठेवण्याची तरतूद केली आहे.

ही शेवटची तरतूद ऐकून कित्येक शेतकरी बंधूंस समाधान वाटेल. “सरकारी कामानें मजूर महागला” ही तक्रार आम्हीं अनेकदां ऐकली आहे, आणि मजुरीचा बोजा आम्हांसहि ठाऊक आहे. परंतु विचार करावा. लावणीच्या वेळीं मजूर मिळत नाहीं तो सरकारी कामामुळें, कीं आठ महिने काम नसल्यानें तो गांव सोडून गेल्यामुळें ? ज्या गांवांत उन्हाळ्यांत बांध, तळें, पाणंद यांचीं कामें चालतात, तेथील मजूर मृगाच्या पावसास गांवांतच असतो. मोसमांत कामें बंद ठेवावयाचीं तर उरलेल्या महिन्यांत तीं खरोखर निघालीं पाहिजेत. नाहीं तर मजुराचें दोन्हीकडून नुकसान, आणि अखेरीस आपलेंहि.

यासाठीं करावयाचें तें थोडें आहे. गांवांत कोणतीं कामें घ्यावयाचीं याचा ठराव ग्रामसभेंत वेळेवर करावा. कामाची मागणी तोंडीं करूं नये. लेखी करावी व तारखेची पोंच घ्यावी. पोंच नसेल तर १५ दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे हेंच सिद्ध होत नाहीं, व भत्त्याचा हक्क बुडतो. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज लिहून देणें हें साक्षर शेतकऱ्याचें काम आहे.

आतां दुसरा वर्ग : ज्यास अंगमेहनत होत नाहीं तो. निराधार विधवा, अपंग व दुर्धर रोगानें पीडित यांसाठीं राज्यांत सन १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तींत दरमहा १,५०० रुपये मिळतात. अपंगांसाठीं ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केली आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें लागतें; अपंगांच्या बाबतींत ही मर्यादा ५०,००० आहे. अपंगत्व निदान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो, व अर्ज तहसील कचेरींत करावयाचा असतो. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजना निराळी आहे.

सन २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, आणि दारिद्र्यनिवारणाच्या योजनांत व शेतजमिनीच्या वाटपांत ५ टक्के जागा त्यांच्यासाठीं राखल्या. ग्रामपंचायतीनेंहि स्वतःच्या उत्पन्नापैकीं ५ टक्के रक्कम अपंगांवर खर्चावयाची असते. ती खर्चिली कीं नाहीं हें ग्रामसभेंत विचारावें.

शेवटीं एक गोष्ट खास जमीनधारकांची. अपंगत्व हें परक्याच्या घरचें दुखणें आहे असें कोणीं समजूं नये. साप, वीज, विजेची तार, ताडामाडावरून पडणें, यंत्रांत हात जाणें हे शेतीचे नित्याचे धोके आहेत. सातबाऱ्यावर नांव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति, वय १० ते ७५, अशांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यु झाल्यास, अथवा दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लक्ष रुपये, व एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लक्ष रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आंत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे करावा लागतो. दुःखाच्या भरांत हे दिवस निघून जातात. म्हणून पोलिसांचा पंचनामा व दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे, आणि ज्या घरीं असा प्रसंग आला असेल तेथें समाचारास जाणाऱ्यानें या अर्जाची आठवण अवश्य करून द्यावी.

तात्पर्य, हे कायदे धर्मादाय नाहींत. आपल्याच करांतून उभा केलेला तो आधार आहे. आज तो शेजारच्या वाडीवरील मजुरास लागेल, उद्यां आपल्या घरांतील माणसास. पुढील ग्रामसभेस जातांना प्रत्येक वाचकानें आपल्या गांवांतील काम नसलेल्या व अपंग माणसांची यादी बरोबर न्यावी, एवढीच आमची विनंती आहे.