अजिंठ्याचें रोगण व प्रकाशाचें शोषण

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, सुमारें १०० किलोमीटरवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील भित्तिचित्रांचे पोपडे सुटत चालले, तेव्हां निजामाच्या सरकारनें लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत सुटे पोपडे पुन्हां चिकटवून चित्रांवर लाखेचें रोगण देण्यांत आलें. पोपडे टिकले, परंतु रोगण हळूहळू पिवळें पडलें आणि चित्रांतील निळा रंग मावळूं लागला. असें कां व्हावें, याचें उत्तर प्रकाशाच्या शोषणांत सांपडतें.

लाख ही विद्युद्रोधक वस्तु आहे. एके काळीं विजेच्या यंत्रांतील तारांनाही तिचा लेप देत असत. धातूंत कांहीं इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात. लाख, कांच, अभ्रक यांसारख्या विद्युद्रोधक पदार्थांत मात्र ते आपापल्या जागीं बांधलेले असतात. प्रकाशाचा तरंग आंत शिरला कीं हे इलेक्ट्रॉन झोके घेऊं लागतात. सामान्यतः घेतलेली शक्ति ते तरंगासच परत करतात. त्याची गति तेवढी मंदावते आणि पदार्थ पारदर्शक दिसतो. परंतु झोपाळ्यास त्याच्याच लयींत रेटा मिळाला म्हणजे झोका जसा चढत जातो, तशी प्रकाशाची कंपसंख्या रेणूच्या ठरीव कंपसंख्येशीं जुळली म्हणजे रेणु ती शक्ति ठेवून घेतो व बहुधा तिची उष्णता होते. यासच शोषण म्हणतात.

ताज्या लाखेच्या पातळ थरांत प्रकाश फारसा अडत नाहीं. पुढें प्राणवायु व प्रकाश यांच्या योगानें तिच्यांत नवे रेणु घडतात, आणि ते जांभळा व निळा प्रकाश शोषूं लागतात. शिवाय प्रकाशास हा थर दोनदां ओलांडावा लागतो. एकदां चित्राकडे जातांना व एकदां परततांना. समजा, एका खेपेस निम्मा निळा प्रकाश शोषला गेला, तर पाहणाराच्या डोळ्यापर्यंत चौथा हिस्साच पोंचेल. थर दुप्पट जाड असेल तर सोळावा. कारण समान जाडीचा प्रत्येक थर आपल्यापाशीं आलेल्या प्रकाशाचा समान अंश गिळतो. हा नियम फ्रान्सच्या बूगेर यानें १७२९ सालीं मांडला. पिवळा व तांबडा प्रकाश मात्र बव्हंशीं निर्वेध परततो. म्हणून पांढरा रंग पिवळट, तर अफगाणिस्तानांतून आणलेल्या लाजवर्दाची निळाई हिरवट व काळपट भासते.

रोगणाखालचा निळा रंग नष्ट झालेला नसतो. त्याचा प्रकाश तेवढा वाटेंत अडलेला असतो. म्हणूनच पुढें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं द्रावक वापरून जुनें रोगण काढण्याचें काम हातीं घेतलें. तें मोठें नाजूक आहे. चित्रें मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत. रोगणाबरोबर रंगाचा कण सुटला तर तो पुन्हां मिळावयाचा नाहीं. शिवाय शोषलेला सर्वच प्रकाश उष्णतेंत संपत नाहीं. त्याचा कांहीं अंश रेणूंचे बंध तोडून रोगण व रंग यांना बिघडवितो. याच कारणास्तव लेण्यांत प्रखर दिवे टाळून मंद उजेड ठेवावा लागतो. प्रेक्षकास तो अपुरा वाटला, तरी चित्रांचें आयुष्य त्यानेंच वाढतें.