डोळ्यांचें माप व आखाड्याचें माप

घाटघरास गेलेल्या प्रत्येकानें नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण पाहिला असेल. जुन्या काळीं घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत टाकीत, असें सांगतात. त्याच पठारावर, जीवधनाच्या पायथ्याशीं, गुरें राखणारीं व भातखाचरांत राबणारीं मुलें वाढतात. अंगानें तीं सडपातळ. पण चढणीवर त्यांस दम लागत नाहीं. शाळेचा संघ निवडतांना मात्र आम्हां शिक्षकांची नजर प्रथम धिप्पाड मुलांकडे जाते. ही नजर किती फसवी असते, हें कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्रावरून दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कराडजवळील गोळेश्वर गांवीं झाला. वडील स्वतः मल्ल; मातींतले पहिले डाव त्यांनींच मुलास शिकविले. कराडच्या टिळक हायस्कुलांतील शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. तेथें वार्षिक स्पर्धांच्या वेळीं, त्यांची किरकोळ अंगयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनीं त्यांस कुस्तींत घेण्याचें नाकारलें, असें सांगतात. खाशाबा रुसून बसले नाहींत. ते प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली, आणि त्यांनीं आपल्याहून दांडग्या गड्यांस हरविलें.

हें कसें घडलें? कुस्तींत बळ हवें. पण तें कोणत्या क्षणीं लावावें, हें ओळखणें त्याहून महत्त्वाचें. प्रतिस्पर्धी पुढें रेटतो, तेव्हां त्याचाच भार त्याच्यावर उलटवितां येतो. ठेंगण्या मल्लाचा भार जमिनीलगत असतो, म्हणून त्याचा तोल सहजीं ढळत नाहीं. शिवाय ऑलिंपिकमध्यें मल्लांचे वजनाप्रमाणें गट असतात. तेथें लहान चण हा दोष नव्हेच.

१९४८ सालीं लंडन येथें खाशाबा आपल्या गटांत सहावे आले. आयुष्य तांबड्या मातींत गेलेलें. तेथें कुस्ती गादीवर. गादीवर पाय निराळा पडतो, गुणांचे नियमहि निराळे. तें सर्व त्यांनीं पुढील चार वर्षांत शिकून घेतलें. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं ५७ किलो गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. असें दुसरें पदक १९९६ सालीं आलें.

पुढें १९५५ पासून त्यांनीं पोलीस खात्यांत नोकरी केली. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला; अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

एकाच कॉलेजांत एका नजरेनें त्यांस नाकारलें व एका विश्वासानें हेलसिंकीस पोंचविलें. आम्हां शिक्षकांस ह्यांतून एवढेंच घ्यावयाचें कीं, नांव गाळण्यापूर्वीं प्रत्येक मुलास एकदां तरी मैदानांत उतरूं द्यावें. पालकहो, आपल्या मुलाची चण पाहून त्यास आधींच मागें ओढूं नका. आणि मुलांनो, कोणीं नाकारलें तर नम्रपणें दाद मागा. पण दाद मिळाल्यावर दाखवावयास कांहींतरी कमावून ठेवा.