समजून घ्या : नाशिकच्या शरणपूरमध्ये ‘शरण’ कोणाला मिळाली होती?

नाशिकचा शरणपूर रोड आज बँका, दुकाने आणि वाहनांच्या गर्दीसाठी ओळखला जातो. पण हे नाव ज्या वस्तीवरून पडले, तिथे दीडशे वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले राहत होती.

ही मुले नाशिकला कशी आली?
ब्रिटिशांनी १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. तरीही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून माणसांची विक्री सुरूच होती. ब्रिटिश नौदल ही गलबते पकडायचे आणि सुटका झालेल्यांना मुंबईत उतरवायचे. त्यांतील काही मुलांना नाशिकला पाठवले जाई. तिथे चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात शरणपूर वसवले होते. मुले तिथे लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली.

लिव्हिंगस्टन यांच्याशी काय संबंध?
संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६६च्या आफ्रिका मोहिमेत नाशिकचे काही तरुण सोबत नेले. पुढे आणखी काही जण गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांचा मृतदेह कित्येक महिने पायी चालत किनाऱ्यावर आणला. वेनराइट पुढे लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला.

वस्ती रिकामी का झाली?
मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या प्रयत्नांनंतर १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. सुटका झालेल्यांसाठी मोंबासाजवळ नवी वस्ती उभी राहिली. तिचे नाव फ्रियर टाउन. १८७५ च्या सुमारास प्राइस तिथे गेले आणि नाशिकचे आफ्रिकन रहिवासीही. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर पुढे तिथे धर्मोपदेशक झाले.

आज काय उरले आहे?
मोंबासात फ्रियर टाउनची घंटा जपली आहे. तो भाग ‘केंगेलेनी’ म्हणून ओळखला जातो. स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणजे घंटा. मिशनची कागदपत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’वर प्रदर्शनही भरवले. नाशिकमध्ये मात्र सर्वांच्या तोंडी आहे ते रस्त्याचे नाव.

सोलापूरकरांनी हे का वाचावे?
सोलापुरातही ‘सेटलमेंट’ हे नाव असाच इतिहास सांगते. ज्या राजवटीने समुद्रावर गुलामांची सुटका केली, तिनेच १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्या कायद्याखाली इथे माणसे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

दोन्ही वस्त्यांचा इतिहास जपायचा तर जुनी रजिस्टरे, शाळांचे दाखले, फोटो आणि वयस्कर रहिवाशांच्या आठवणी वेळेत नोंदवायला हव्यात. नावामागची गोष्ट सांगणारे कोणी उरले नाही, तर शरणपूर आणि सेटलमेंट हे फक्त रिक्षाचे थांबे होतील.