लिफ्ट केलेल्या जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल कुठे अडतो? फोन घेऊन करा १२ स्थितींची तपासणी

उंच केलेली जिप्सी दगडावर चढतानाचे रील तुम्हीही पाहिले असतील. पुढचं एक चाक मडगार्डमध्ये घुसलेलं, दुसरं खाली लोंबतंय. बघायला भारी वाटतं. पण त्या क्षणी गाडीखाली काय चाललंय ते रीलमध्ये दिसत नाही. स्टेअरिंगचा रॉड पाट्याला घासतोय का? ब्रेकचा होज ताणला गेलाय का? हे सगळं गाडी ट्रॅकवर नेण्याआधी गॅरेजमध्येच तपासता येतं, आणि त्यासाठी लागणारी अर्धी साधनं तुमच्या फोनमध्ये आहेत.

मी दिवसभर सॉफ्टवेअरच्या टेस्ट लिहितो. मित्राच्या जिप्सीवर हे काम केलं तेव्हा तीच पद्धत वापरली. प्रत्येक टोकाची स्थिती मुद्दाम तयार करायची आणि तिची नोंद ठेवायची.

आधी समजून घेऊ, बदल काय होतो

मारुती जिप्सीला पुढे आणि मागे सलग अ‍ॅक्सल आहेत, आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटे. मूळ गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ऑफ-रोडवाले अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड करून पाटे वरून नेतात. याला ‘स्प्रिंग ओव्हर’ म्हणतात. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी, पाट्यांची जाडी आणि बैठकांची उंची यांची बेरीज जितकी, तितकी गाडी वर जाते. साधारण ५ इंच.

त्यात टायरही मोठे येतात. २०५/७० आर१५ टायरचा व्यास हिशेबाने ६६८ मिमी, तर २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३४ मिमी. म्हणजे टायरची कड प्रत्येक दिशेने ३३ मिमी पुढे सरकली. शिवाय टायर ३० मिमी रुंदही झाला.

आता गाडी सपाट फरशीवर उभी करा. सगळीकडे भरपूर जागा दिसेल. हाच चकवा आहे. कंपनीने बंप स्टॉपची उंची, ब्रेक होजची लांबी, शॉकअपची लांबी हे सगळं जुन्या मांडणीसाठी ठरवलं होतं. अ‍ॅक्सल ५ इंच खाली गेला, पण या वस्तू होत्या तिथेच राहिल्या.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा: अ‍ॅक्सल वर जाताना आणि खाली येताना कुठेतरी थांबणारच आहे. तो कशाने थांबणार, हे आपण ठरवायचं. वर जाताना तो बंप स्टॉपच्या रबरानेच थांबला पाहिजे. खाली येताना पाट्यांनी किंवा लिमिट स्ट्रॅपने. ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्ट किंवा स्टेअरिंग रॉड यांच्यापैकी कोणी अ‍ॅक्सल अडवत असेल, तर ती वस्तू कधी ना कधी तुटणार. आणि ती उतारावर तुटली तर काय होईल, हे सांगायला नको.

१२ स्थिती कोणत्या?

पुढच्या चाकांच्या चार स्थिती:

१. दोन्ही पूर्ण वर
२. दोन्ही पूर्ण खाली
३. डावं वर, उजवं खाली
४. उजवं वर, डावं खाली

या प्रत्येक स्थितीत स्टेअरिंग तीन ठिकाणी: पूर्ण डावीकडे, सरळ, पूर्ण उजवीकडे. ४ गुणिले ३, झाल्या १२.

‘डावीकडे तपासलं, उजवीकडेही तसंच असेल’ असं धरू नका. डिफरन्शियलचा गोळा अ‍ॅक्सलच्या मधोमध नसतो, आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंकही दोन्ही बाजूंना सारखा नसतो. तिसऱ्या स्थितीत सगळं मोकळं आणि चौथ्या स्थितीत रॉड पाट्यावर टेकलेला, असं सहज होऊ शकतं.

गाडी कशी मांडायची

हे काम अनुभवी मेकॅनिकसोबतच करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. चेसिस मजबूत घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

पुढचे शॉकअप काढा. पाट्यांचा पूर्ण संच असेल तर जॅक लावल्यावर अ‍ॅक्सलऐवजी अख्खी गाडीच घोडीवरून उचलली जाईल. म्हणून दोन्ही बाजूंना फक्त मुख्य पाटा ठेवून यू-बोल्ट बसवतात. मग एका चाकाखाली ट्रॉली जॅक लावला की अ‍ॅक्सल हलक्या हाताने वर जातो. काढलेल्या पाट्यांची जाडी भरून काढायला तेवढाच ठोकळा घाला, नाहीतर मापं चुकतील. जॅक सावकाश वर घ्या. काही टेकलं की थांबा, जोर लावू नका.

प्रत्येक स्थितीत काय बघायचं

टायर: मडगार्डची कड, चेसिस आणि पाटे. पूर्ण वळलेला टायर बहुतेक वेळा मागच्या कडेला लागतो.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉड: पाटे वर आल्यामुळे ड्रॅग लिंक तिरका होतो आणि चाक वर गेलं की पाट्याला लागू शकतो. शिवाय तिरक्या लिंकमुळे चाक वर-खाली होताना स्टेअरिंग आपोआप वळतं. स्टेअरिंग व्हील धरून ठेवा, चाक जॅकने वर-खाली करा आणि ते किती वळतंय बघा.

ब्रेक होज: पूर्ण खाली, पूर्ण वळलेल्या चाकावरही त्यात ढील हवी. पीळ नको, आणि वर येताना ढील टायरला लागायला नको.

डिफरन्शियलचा गोळा: इंजिनचा ऑइल चेंबर आणि त्याच्यात किती जागा उरते.

प्रोपेलर शाफ्ट: सरकणाऱ्या जोडावर मार्करने खूण करा. पूर्ण वर असताना तो आत टेकत नाही ना, आणि पूर्ण खाली असताना निसटायच्या बेतात येत नाही ना, दोन्ही बघा.

शॉकअप: दोन्ही टोकांना त्याच्या दोन माउंटमधलं अंतर मोजा. नवा शॉकअप बंद अवस्थेत त्या लहान अंतरापेक्षा आखूड आणि उघड्या अवस्थेत मोठ्या अंतराहून लांब हवा.

जागा किती ठेवायची? मी धातू-धातूमध्ये किमान १२ मिमी आणि इंजिनजवळ २५ मिमी धरतो. इंजिन रबर माउंटवर असतं, रेस दिली की तेही हलतं.

फोन इथे कामाला येतो

फोटो: फोन ट्रायपॉडवर एकाच जागी ठेवून बाराही स्थितींचे फोटो काढा. गॅलरीत पटापट पुढे-मागे केलं की कोणती वस्तू कशाकडे सरकते हे लगेच कळतं. फ्रेममध्ये स्थितीचा नंबर लिहिलेला कागद ठेवा.

कोन: लेव्हल अ‍ॅप फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरवर चालतं. तो गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणून लोखंडाजवळही ठीक चालतो. कंपास मात्र मॅग्नेटोमीटरवर चालतो, तो अ‍ॅक्सलजवळ भरकटेल. ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि डिफरन्शियलचा फ्लँज यांचे कोन नोंदवा. साधे क्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत, नाहीतर शाफ्ट थरथरतो. कॅमेऱ्याचा फुगवटा आड येतो, म्हणून फोनची लांब कड टेकवा. एक रीडिंग घेऊन फोन उलट फिरवा, दुसरं घ्या आणि सरासरी काढा. सेन्सरची चूक निघून जाते.

जिथे फोन पोहोचत नाही: संशयाच्या जागी लहान मुलांची क्ले किंवा घट्ट कणकेचा गोळा चिकटवा. अ‍ॅक्सल वर घेऊन खाली आणा. गोळ्याची उरलेली जाडी हीच तिथली कमीत कमी जागा.

उभ्या गाडीवर सगळं कळत नाही

चालत्या गाडीत ब्रेक आणि रेस दिल्यावर अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा पिळला जातो, टायरही दबतो. म्हणून सगळं परत जोडल्यावर शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधून खाली सरकवा. मोकळ्या मैदानात, कमी वेगाने, खड्ड्यातून गाडी न्या. झिप टाय जिथे सरकून थांबला, तिथपर्यंत शॉकअप दबला होता. बाहेरून मित्राला स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. नंतर घासल्याच्या खुणा शोधा आणि यू-बोल्ट पुन्हा टॉर्क करा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावलं. त्यामुळे अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. खाजगी ट्रॅकवर, आणि तिथवर ट्रेलरवरून.

१२ पैकी ११ स्थितींत सगळं मोकळं असेल आणि एकीत होज ताणला जात असेल, तर गाडी तयार झालेली नाही. आधी लांब होज बसवा किंवा लिमिट स्ट्रॅप लावा, आणि मग बाराही फोटो पुन्हा काढा. एक वस्तू बदलली की बाकीच्यांची जागाही बदललेली असू शकते.