कंपवात आणि रक्ताची तपासणी

रक्त तपासले की शरीरातले सगळे कळते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ती निराधारही नाही. साखर, हिवताप, कावीळ, थायरॉइड यांचा उलगडा थोड्याशा रक्तावर होतो. परंतु घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागतो, चाल संथ होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, तेव्हा मंडळी रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जातात आणि सर्व रिपोर्ट 'नॉर्मल' निघतात. मग 'वयोमानाने होते' असे म्हणत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. हा रोग रक्तात का दिसत नाही आणि पुढे दिसेल काय, याची माहिती सभासद व विद्यार्थी यांना व्हावी म्हणून हा लेख. आम्ही कला शाखेचे पदवीधर व पेशाने बँकेतील कारकून. तेव्हा जे वाचून समजून घेतले ते साध्या शब्दांत मांडीत आहोत.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचे वर्णन करणारी पुस्तिका लिहिली. त्यांपैकी काही रुग्ण तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते. आज दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी या रोगाचे निदान मुख्यत्वे तसेच, माणसाकडे नीट पाहून केले जाते. हालचाल मंदावली आहे काय, आणि तिच्या जोडीला हात स्वस्थ असताना येणारा कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा आहे काय, हे डॉक्टर पाहतात. कंप मुळीच नसलेला कंपवातही असतो. अक्षर बारीक होत जाणे हे त्याचे आणखी एक लक्षण. बँकेच्या काउंटरवर काही निवृत्तिवेतनधारकांची सही नमुन्याशी जुळत नाही. पहिले अक्षर ठीक असते आणि शेवटाकडे ती आकसत जाते. नियमाप्रमाणे सही पुन्हा घेतली जाते. तिच्यामागे रोग असू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा आहे. तेथे डोपामाइन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्यावर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. या पेशी हळूहळू मरतात. लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांचा बराच मोठा भाग गेलेला असतो. खरी अडचण अशी की, कंपवातासारखेच दिसणारे इतर रोगही आहेत. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या रोगात उभे राहताच रक्तदाब घसरतो, लघवीवरचा ताबा जातो. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या रोगात माणूस सुरुवातीपासूनच वारंवार पडतो आणि डोळे खाली-वर फिरविणे अवघड होत जाते. हे रोग कंपवातापेक्षा वेगाने वाढतात व लेव्होडोपा या नेहमीच्या औषधाला फारशी दाद देत नाहीत. पहिल्या दोन-तीन वर्षांत मात्र तिन्हींचे चित्र इतके सारखे असू शकते की तज्ज्ञही बुचकळ्यात पडतात. घरच्यांना मात्र पुढची तजवीज त्याच वर्षांत करावयाची असते.

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक बारीक चाळणी बसविली आहे. तिच्यामुळे मेंदूतील द्रव्ये रक्तात फारच थोडी उतरतात. म्हणून पूर्वीचे संशोधन पाठीतून सुईने काढलेल्या पाण्यावर चाले. साधारण २०१० नंतर अतिसूक्ष्म मोजणीची यंत्रे आली. त्यांच्या साहाय्याने रक्तातील पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, एवढे अल्प द्रव्यही मोजता येऊ लागले.

अशा द्रव्यांत न्यूरोफिलामेंट हे नाव पुढे आहे. चेतापेशीच्या लांब तंतूला आतून आधार देणारे हे प्रथिन होय. तंतू मोडला की ते बाहेर पडते, आणि त्याचा अल्पसा अंश रक्तात येतो. भिंत पडली की विटांचा चुरा रस्त्यावर यावा, तसे हे आहे. स्वीडनमधील लुंड आणि लंडन येथील रुग्णांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, वर सांगितलेल्या दोन वेगवान रोगांत रक्तातील न्यूरोफिलामेंट बरेच वाढलेले असते, तर साध्या कंपवातात ते निरोगी माणसाच्या आसपासच राहते. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या रोगात तर ते फारच वाढते. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच रोग होता. या रोगाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक प्रकारासाठी टोफर्सन नावाच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. ती रक्तातील न्यूरोफिलामेंट घटल्याच्या आधारावर देण्यात आली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पण चुरा पाहून भिंत कोणाची, हे सांगता येत नाही. वय वाढले की न्यूरोफिलामेंट वाढते. पक्षाघात, डोक्याला मार, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, अशक्त मूत्रपिंड यांमुळेही ते वाढते. नुसत्या आकड्याला म्हणून अर्थ नाही. तो वाचणारा डॉक्टर रुग्णाला पाहिलेला असावा लागतो.

कंपवाताची स्वतःची खूण म्हणावी असे प्रथिन निराळेच आहे. त्याचे नाव अल्फा-सिन्युक्लिन. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील पेशींत त्याचे गोळे साठतात, हे १९९७ साली सिद्ध झाले. मग ते रक्तात मोजले म्हणजे झाले, असे विद्यार्थ्यांना वाटेल. येथेच मेख आहे. रक्तातील अल्फा-सिन्युक्लिनपैकी जवळजवळ सगळे तांबड्या पेशींतच असते. नमुना घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी हिशेब बिघडतो. शिवाय प्रथिन किती आहे यापेक्षा ते बिघडले आहे काय, हे महत्त्वाचे. यासाठी शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली ती आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटते. दुधात विरजणाचा थेंब पडला की सारे दूध लागते; तसे बिघडलेल्या प्रथिनाचा कण चांगल्या प्रथिनात पडला की तेही बिघडू लागते. परीक्षानळीत चांगले प्रथिन घेऊन त्यात रुग्णाचा नमुना घालतात, तासन् तास हलवितात, आणि बिघाड पसरला तर त्यात घातलेले रंगद्रव्य चमकू लागते. पाठीतील पाण्यावर ११२३ जणांत केलेल्या अशा तपासणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शंभर रुग्णांपैकी सुमारे ८८ जणांत ती होकारार्थी आली आणि शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे ९६ जणांत नकारार्थी. रक्तात हे विरजण अगदीच विरळ असते. तथापि जपानमधील जुन्तेन्दो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते गोळा करून ओळखण्याची रीत त्याच वर्षी मांडली. ती अद्याप प्रयोगशाळेतली आहे. गल्लीतल्या पॅथॉलॉजीत मिळणारी नव्हे.

आणखी एक प्रयत्न लंडन व जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधकांचा. त्यांनी २०२४ साली रक्तातील आठ प्रथिनांवरून संगणकाच्या मदतीने भाकीत करून पाहिले. झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणाऱ्या ७२ जणांचे रक्त त्यांनी तपासले. अशा लोकांना पुढे कंपवात किंवा त्याचा भाऊबंद रोग होण्याचा धोका मोठा असतो. काहींच्या बाबतीत लक्षणांच्या सात वर्षे अगोदर इशारा मिळाला. रुग्णांची संख्या लहान आहे, हे विसरता कामा नये.

सात वर्षे अगोदर कळून करायचे काय? कंपवात थांबविणारे औषध अद्याप नाही. हा प्रश्न हंटिंग्टन या रोगात फार पूर्वीच उभा राहिला. त्यात हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलतात व बुद्धीही ढासळते. त्याचे जनुक १९९३ साली सापडले आणि तेव्हापासून रक्ताच्या नमुन्यावरून त्याचे खात्रीचे उत्तर मिळते. आई किंवा वडिलांना रोग असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. असे असूनही पाश्चात्त्य देशांतील अशा कुटुंबांतील बहुसंख्य लोक ही तपासणी करून घेत नाहीत. आम्हाला यात भित्रेपणा दिसत नाही. लग्न, अपत्य, नोकरी यांचे बेत आखावयाचे असणाऱ्याला आधी जाणून घ्यावेसे वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. तपासणीपूर्वी समुपदेशन करतात आणि अजाण मुलांची तपासणी टाळतात, ती याचसाठी.

आज उपलब्ध असलेल्या साध्या तपासण्यांचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. तरुण मुला-मुलींत कंप, अडखळते बोलणे किंवा हात वाकडा होणे दिसले तर विल्सन रोगाचा विचार करतात. यात शरीरात तांबे साठते आणि रक्तातील सेरुलोप्लास्मिन बहुधा कमी आढळते. वेळीच औषध सुरू केले तर पुष्कळ रुग्ण सुधारतात. आई व वडील दोघांकडून दोष आला तरच हा रोग होतो. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत त्याची शक्यता वाढते, आणि एका भावंडाला तो निघाला तर बाकीच्यांचीही तपासणी करतात, लक्षणे नसली तरी.

शेवटी औषधांचे. चक्करेवरच्या सिनारिझिन, उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइड आणि पित्तासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या लेव्होसल्पिराइड या गोळ्यांमुळेही कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात, व बहुतेकांत गोळी थांबविल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत ती ओसरतात. कोणत्याही रक्ततपासणीत हे कारण सापडणार नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या फाइलीबरोबर घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटेही न्यावीत. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.