रुंद रस्त्याचा जमाखर्च

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग पूर्वी घोडबंदर रोड या नावाने ओळखला जाई. १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या दानातून माहीमचा कॉजवे साकारला आणि वांद्र्याकडील येजा सुलभ झाली. पुढे रेल्वे आली, स्थानकांभोवती बाजार वसले आणि रेल्वेला समांतर जाणारा हा मार्ग दुतर्फा दुकानांनी वेढला गेला. वाहने वाढत राहिली; रस्त्याला मात्र अंग पसरण्यास जागा उरली नाही.

अशा ठिकाणी रुंदीकरणाचा आरंभ कागदावरील एका रेषेने होतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २९७ अन्वये आयुक्त रस्त्याची ‘नियमित रेषा’ आखून देतात. त्या रेषेत येणारे बांधकाम मागे घ्यावे लागते. अभियंत्याच्या दृष्टीने ती केवळ रेषा असते. दुकानदाराच्या दृष्टीने ती वडिलांनी घातलेल्या गादीवरून जाते. दहा फूट खोलीच्या गाळ्यातील पाच फूट गेले, तर धंदा निम्मा उरतोच असे नाही. पुष्कळदा तो बसतो. म्हणूनच मोबदला, टीडीआर अथवा पर्यायी जागा यांचा निर्णय हातोडा पडण्यापूर्वी होणे न्याय्य ठरते.

या त्यागाचे फळ समाजाला मिळते का, हा खरा प्रश्न आहे. रस्त्याची वहनक्षमता त्याच्या सर्वांत अरुंद भागावर ठरते. मागची व पुढची दुकाने हटली आणि मध्येच एक इमारत वादात अडकली, तर वाहने तेथेच तुंबतात. मागे सरलेल्यांची जागा मग व्याज न देणाऱ्या ठेवीसारखी पडून राहते. मोकळी झालेली पट्टी उभ्या मोटारी आणि मालाचे टेम्पो व्यापून टाकतात, हा दुसरा तोटा.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की द्रुतगती मार्ग रुंद केला तरी गर्दीच्या वेळी नवी वाहने तिकडे वळतात आणि तो पुन्हा भरतो. म्हणून वाढीव रुंदीचा पहिला हक्क बस आणि पादचाऱ्यांना मिळाला पाहिजे. एका बसमधील प्रवासी मोटारींतून निघाले, तर रस्त्याचा केवढा भाग अडेल!

दुकानदाराने आपल्या उंबरठ्याची जागा दिली असेल, तर ग्राहकाने तेथे आपली मोटार उभी करू नये. या हिशेबात नागरिकांच्या वाट्याला आलेले देणे एवढेच आहे.